आधी श्वास, मग चिमटा : नवजात बाळाच्या नाळेसाठी एक खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ संघटनांचे पदाधिकारी

विषय : जन्मानंतर नाळ लगेच न बांधण्याच्या सूचनेची अंमलबजावणी

महोदय, महोदया,

हे पत्र खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटात दिलेल्या अर्जाची फक्त पोच मिळाली. उत्तर आलं नाही.

बाळ जन्मल्यावर त्याची नाळ किमान एक मिनिट बांधू नये, हे आपल्याला सांगायला मी कुणी नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या मार्गदर्शक सूचनांत सर्व बाळंतपणांसाठी एक ते तीन मिनिटं थांबायला सांगितलं. २०१४ साली नाळेसाठी वेगळी शिफारस काढली. आपल्या केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ आणलं, त्यातही नाळ उशिरा बांधण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे कागद तयार आहे, बरीच वर्षं तयार आहे. आणि तरीही मी पाहिलेल्या आणि ओळखीच्या सिस्टरांकडून रोज ऐकत असलेल्या कितीतरी लेबर रूममध्ये बाळ बाहेर आलं की दहा-पंधरा सेकंदांत क्लॅम्प, म्हणजे नाळेवरचा चिमटा लागतो, कात्री चालते आणि बाळ वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या टेबलावर जातं.

मी निवृत्त परिचारिका आहे. मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत निम्मं आयुष्य लेबर रूममध्ये गेलं. मंत्र्यांना पत्र लिहायची वेळ येईल असं नोकरीत कधी वाटलं नव्हतं. भाचीच्या बाळंतपणाने ती आणली.

माझ्या बहिणीच्या मुलीला चौतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. शहरातलं मोठं खासगी रुग्णालय, सगळ्या सोयी. मी सिस्टर होते हे कळल्यावर मला आत थांबू दिलं. बाळ आलं आणि आल्या आल्या रडलं. रंग चांगला, हातपाय हलत होते. मी म्हटलं, “डॉक्टर, रडतंय, एक मिनिट आईच्या पोटावर राहू द्या ना.” तोवर क्लॅम्प लागला होता. “मावशी, बाळ कमी दिवसांचं आहे, वेळ घालवून चालत नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. बाळाच्या काळजीनेच त्या बोलत होत्या, आणि मला बोचलं ते हेच. ज्या बाळाला त्या मिनिटाची गरज सगळ्यात जास्त, त्याचंच मिनिट काळजीपोटी काढून घेतलं जातं.

बाळ आज घरी आहे, सुखरूप आहे. सहाव्या महिन्यात त्याचं हिमोग्लोबिन आठच्या घरात आलं, लोहाचे थेंब सुरू आहेत. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, कमी दिवसांच्या बाळांत रक्त कमी असतंच, हे मला कळतं. म्हणून यापुढे मी त्या बाळाचं नाव काढणार नाही. जे सिद्ध झालेलं आहे तेवढंच मांडते.

आपल्याकडे हा विषय आला की गाडी लोहाकडे जाते. नाळ उशिरा बांधली की बाळाला जास्त रक्त, जास्त रक्तातून जास्त लोह, आणि म्हणून ॲनिमिया कमी. खरंच आहे ते, त्यावर पुढे येते. पण लोहाचा हिशेब सहा महिन्यांनी कळतो. पहिल्या मिनिटात प्रश्न हृदयाचा असतो, आणि आपल्या प्रशिक्षणांत, पोस्टरवर, परिपत्रकांत हृदय जवळपास नसतंच. माझी मुख्य तक्रार हीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. वाचणाऱ्या आईबापांनाही ती कळायला हवी.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. तिकडे रक्त फार थोडं जातं. प्राणवायू मिळतो वारेकडून, म्हणजे प्लॅसेंटाकडून. वारेतून शुद्ध झालेलं रक्त नाळेतल्या एका शिरेतून बाळाकडे येतं, आणि त्यातला मोठा भाग हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या झरोक्यातून थेट डाव्या बाजूला जातो. डावी बाजू ते रक्त मेंदूला आणि खुद्द हृदयाच्या स्नायूला पुरवते. म्हणजे जन्मापर्यंत डाव्या हृदयाला भरणारं रक्त मुख्यतः वारेकडूनच आलेलं असतं.

बाळ जन्मलं, त्याने श्वास घेतला की फुप्फुसं उघडतात, त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, तिकडे भरपूर रक्त जाऊ लागतं आणि तेच रक्त परत येऊन डावं हृदय भरू लागतं. वारेचं काम फुप्फुसाने हाती घेतलं. या बदलाला थोडा वेळ लागतो. कुणाला दहा सेकंद, कुणाला मिनिटभर.

आता याच्या आधीच चिमटा लागला तर काय होतं? वारेकडून येणारं रक्त तत्क्षणी बंद. फुप्फुसाकडून अजून येत नाही. डाव्या हृदयात भरायला रक्तच कमी पडतं. आणि त्याच क्षणी दुसरीकडून भार वाढतो, कारण वार म्हणजे हृदयाला सहज रक्त ढकलता येईल अशी मोकळी वाट होती, ती बंद झाली. आत येणारं कमी, बाहेर ढकलायचा जोर जास्त. हृदय एका ठोक्यात कमी रक्त फेकतं आणि त्याची गती खाली येते. श्वास सुरू होऊन फुप्फुसाकडून रक्त येईपर्यंत ते तसंच राहतं.

हा माझा अंदाज नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दिवस भरण्याआधी जन्मलेल्या कोकरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटात आधी नाळ बांधली, मग श्वास दिला. दुसऱ्या गटात आधी श्वास सुरू केला, मग नाळ बांधली. पहिल्या गटात हृदयाची गती आणि फेकलं जाणारं रक्त झपाट्याने घसरलं. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीतला दाब क्लॅम्प लागताच काही ठोक्यांत उसळला आणि मग पडला. दुसऱ्या गटात ही उलथापालथ जवळपास नव्हती. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या किती नाजूक असतात हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना मी सांगायला नको. दाबाची अशी उसळी त्यांना काय करू शकते, हा प्रश्न निदान आपल्या लेबर रूममध्ये विचारला तरी जावा.

कोकरांचं सोडा, म्हणाल तर माणसांचं सांगते. टांझानियातल्या हायडम या ग्रामीण रुग्णालयात १५ हजारांहून जास्त बाळंतपणांची सेकंदागणिक नोंद ठेवली गेली. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या बाळांनी स्वतःहून श्वास घेतला त्यांच्यात, श्वासानंतर नाळ बांधायला जितका उशीर, तितका मृत्यूचा किंवा दाखल करावं लागण्याचा धोका कमी दिसला, दर दहा सेकंदांमागे सुमारे २० टक्के. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नाही; ठणठणीत बाळांसाठीच लोक निवांत थांबले असतील अशी शंका घेता येते. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हायडम काही स्वीडन नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयांसारखीच अडचणीतली जागा. तिथे सेकंद मोजता येतात, मग आपल्याकडे का नाही?

हृदयाच्या ठोक्यांचंही पाहा. २०१० साली मेलबर्नमध्येच निरोगी बाळांचे जन्मानंतरचे ठोके मोजून तक्ते तयार झाले. नाळ लगेच बांधण्याच्या काळातले ते तक्ते. पहिल्या मिनिटाला मधली नोंद आली ९६, म्हणजे निम्म्याहून जास्त निरोगी बाळं शंभरच्या खाली. पुढे नॉर्वेतल्या स्टॅव्हॅंगरमध्ये नाळ उशिरा बांधलेल्या, दिवस भरलेल्या बाळांचे ठोके मोजले, त्याचा अहवाल २०२१ साली आला. तिथे पहिल्या मिनिटाच्या आसपास मधली नोंद १७० च्या वर होती. दोन्हीकडची यंत्रं वेगळी होती, एकीकडे पल्स ऑक्सिमीटर, दुसरीकडे ईसीजी, त्यामुळे सगळा फरक नाळेच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण इतकी वर्षं आपण ज्याला ‘जन्मतःच जरा मंद ठोके, चालायचंच’ म्हणत आलो, त्यातला काही भाग आपल्याच चिमट्याने घडवलेला नव्हता ना, हा विचार मनातून जात नाही. ठोके शंभराच्या खाली गेले की आपण श्वास देण्यासाठी बॅग आणि मास्क हातात घेतो. म्हणजे एका घाईतून दुसरी घाई जन्माला येते.

कमी दिवसांच्या बाळांबद्दल तर आता शंकेला जागाच राहिलेली नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली झालेल्या मोठ्या चाचणीत तीस आठवड्यांच्या आतली दीड हजारांवर बाळं होती. ठरवलेल्या मुख्य मोजमापात फरक दिसला नव्हता, हे खरं. पण त्याच मुलांचा दोन वर्षांचा पाठपुरावा झाला तेव्हा ज्यांची नाळ मिनिटभर ठेवली होती त्यांच्यात मृत्यू किंवा मोठं अपंगत्व कमी निघालं. २०२३ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी जगभरातल्या चाचण्यांमधल्या एकेका बाळाची माहिती एकत्र करून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. नाळ लगेच बांधलेल्या कमी दिवसांच्या बाळांपैकी ८.२ टक्के घरी जाण्याआधी दगावली, थांबून बांधलेल्यांपैकी ६.० टक्के. हजारामागे बावीस बाळं. औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही.

आपण नवजात अतिदक्षता कक्षांवर पैसा खर्च करतो, करायलाच हवा. पण एखाद्या इंजेक्शनने हजारात बावीस बाळं वाचली असती तर त्याचा साठा प्रत्येक तालुक्याला पोहोचला असता आणि ते दिलं की नाही याचा जाब विचारला गेला असता. इथे विकायला काही नाही, म्हणून पाठपुरावा करणारंही कुणी नाही.

आता लोह. दिवस भरलेल्या बाळाच्या वारेत आणि नाळेत जे रक्त उरतं, त्यातलं साधारण ८० मिलिलिटर पहिल्या मिनिटात आणि तीन मिनिटांत १०० च्या आसपास बाळाकडे जातं. टपरीवरचा कटिंगचा ग्लास भरेल एवढंच. पण तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं, हे लक्षात घ्या. मेक्सिकोतल्या २००६ च्या चाचणीत दोन मिनिटं थांबल्याने सहाव्या महिन्यात बाळाच्या अंगातलं साठवलेलं लोह २७ ते ४७ मिलिग्रॅमने जास्त मिळालं. काठमांडूतल्या प्रसूतिगृहात झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन मिनिटं थांबलेल्या बाळांमध्ये आठव्या महिन्यात ॲनिमिया कमी होता. काठमांडूच्या आया आपल्याच आयांसारख्या, त्यांच्याही अंगात रक्त कमी. आणि आपल्याकडचं चित्र काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये ॲनिमियाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३.८ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते ६८.९ टक्क्यांवर गेलं. नाळ उशिरा बांधून हा सगळा आकडा खाली येईल असं मी म्हणत नाही. पण आयुष्याच्या पहिल्या मिनिटात फुकट मिळणारं लोह वारेबरोबर बादलीत टाकायचं आणि सहा महिन्यांनी आशाताईंच्या हाती सिरपच्या बाटल्या द्यायच्या, ही कुठली रीत?

जुन्या सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. बाळ मलूल असलं तर वारेला शेकही देत. त्यांच्या हातातल्या अस्वच्छ पात्याने धनुर्वात व्हायचा, ते थांबवणं गरजेचं होतं आणि आपण थांबवलं. पण पात्याबरोबर त्यांचं थांबणंही आपण टाकून दिलं. पुढे रक्तस्राव रोखण्यासाठी वार लवकर काढण्याची पद्धत आली, इंजेक्शन, लगेच क्लॅम्प, नाळ धरून वार काढणं, असं सगळं एकत्र शिकवलं गेलं. आता माहीत आहे की त्यातलं काम करतं ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. लगेच क्लॅम्प लावण्याने आईचा रक्तस्राव कमी होत नाही. जगाच्या सूचनांतून ते कलम गळून पडलं. आपल्या हातांतून मात्र अजून गेलेलं नाही.

माझ्या तक्रारी अशा आहेत.

पहिली. सूचना आहे, नोंद नाही. मी भरलेल्या केसपेपरांवर जन्माची वेळ होती, वजन होतं, अपगार म्हणजे बाळाच्या तब्येतीचे गुण होते, वार कधी पडली तेही होतं. नाळ कधी बांधली, याला रकाना नव्हता. निवृत्तीनंतर खासगी दवाखान्यांची जी डिस्चार्ज कार्डं माझ्या हाती आली त्यांतही नव्हता. ज्याची नोंद नाही त्याचा आढावा होत नाही, आणि आढावा नाही ते काम रात्री तीन वाजता दमलेल्या हातांनी होत नाही.

दुसरी. या विषयाला ॲनिमियाच्या खात्यात टाकल्याने तो गंभीर प्रसंगी सोडून द्यायची गोष्ट झाला. ‘बाळ नाजूक आहे, लोहाचं नंतर बघू.’ हृदयाचं कारण शिकवलं असतं तर बाळ नाजूक आहे म्हणूनच थांबा, असं डॉक्टर म्हणाले असते.

तिसरी. सिझेरियनमध्ये हे होतच नाही असं गृहीत धरलं जातं. देशात खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचाच २०१९-२१ चा आकडा आहे हा. म्हणजे तिथली जवळजवळ निम्मी बाळं आधीच यादीतून बाहेर. बाळ आईच्या मांड्यांवर निर्जंतुक कपड्यात ठेवून मिनिटभर थांबता येतं. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये नियोजित सिझेरियन झालेल्या ११३ स्त्रियांवर चाचणी झाली, थांबल्याने आईच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक पडला नाही. बाळ वर धरलं तर रक्त उलटं जाईल ही भीतीही अर्जेंटिनातल्या २०१४ च्या, नैसर्गिक प्रसूतींवरच्या चाचणीने बरीच घालवली आहे. आईच्या पोटावर किंवा छातीवर ठेवलेल्या आणि खाली धरलेल्या बाळांना मिळालेल्या रक्तात फरक नव्हता.

चौथी, आणि ही मी जरा कडक शब्दांत लिहिते. नाळेतलं रक्त साठवणाऱ्या खासगी बँकांचे प्रतिनिधी बाह्यरुग्ण विभागात गरोदर बायकांना गाठतात. पिशवी भरायला रक्त हवं, रक्त हवं तर क्लॅम्प लवकर हवा. बाळाच्या अंगात जायचं रक्त लाखभर रुपये मोजून नुसत्या आशेवर गोठवायचं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्येच ‘जैविक विमा’ म्हणून होणाऱ्या या जाहिरातबाजीविरुद्ध भूमिका घेतली आहे. मग दवाखान्याच्या भिंतीवर ती पोस्टरं कुणाच्या परवानगीने लागतात?

पाचवी. एका सिस्टरकडे दोन टेबलं आणि वॉर्मर दुसऱ्या कोपऱ्यात, अशा जागी थांबा म्हणणं सोपं आहे. थांबणाऱ्या हाताला दुसरा हात लागतो. रिक्त जागा भरल्याशिवाय नुसतं परिपत्रक काढणं म्हणजे सिस्टरच्या डोक्यावर आणखी एक दोष ठेवणं.

काही हरकती येतील, त्यांना उत्तर देते. कावीळ वाढते का? थोडी. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे काढणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात निळ्या दिव्याखाली ठेवावं लागण्याचं प्रमाण लगेच नाळ बांधलेल्यांत तीन टक्क्यांच्या आत, थांबलेल्यांत पाच टक्क्यांच्या आत होतं. यावर उपाय म्हणजे सुट्टी देण्याआधी कावीळ तपासणं आणि पुढे घरभेटीत पाहणं. ते तसंही करायचंच असतं. आईला एचआयव्ही असला तरी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बदलत नाही.

मात्र वार आधीच सुटून रक्त जात असेल, नाळ तुटली असेल, आईचीच प्रकृती ढासळली असेल, तर थांबायचं नाही. एकाच वारेवरच्या जुळ्यांमध्ये थांबायचं की नाही, हे डॉक्टरांनी विचार करून ठरवावं. पुसून, पाठ चोळूनही श्वास न घेणाऱ्या बाळाला आजच्या नियमाप्रमाणे नाळ कापून वॉर्मरवर नेऊन श्वास द्यायचा असतो. तो नियम सिस्टरांनी आपल्या मनाने मोडावा असं मी म्हणत नाही. पण पुसणं आणि पाठ चोळणं हे नाळ न कापता आईच्या पोटावरच होतं, आणि बहुतेक बाळं तेवढ्यावरच श्वास घेतात. आणखी एक, वेळ वाचवण्यासाठी नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याची टूम काही ठिकाणी निघाली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३ ते २७ आठवड्यांच्या बाळांत असं पिळल्याने मेंदूतला गंभीर रक्तस्राव २२ टक्क्यांत दिसला, थांबलेल्यांत ६ टक्क्यांत. त्या वयाच्या बाळांसाठी ती चाचणीच थांबवावी लागली. इतक्या कोवळ्या बाळाची नाळ कुणी पिळू नये, हे लेखी आदेशाने सांगा.

मागण्या साध्या आहेत.

१. सरकारी आणि खासगी, प्रत्येक केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर तीन नोंदी सक्तीच्या करा : पहिला श्वास कधी, नाळ कधी बांधली, आणि एक मिनिटाच्या आत बांधली असल्यास कारण. मासिक अहवालात हा आकडा मागवा.

२. प्रत्येक लेबर रूममध्ये आणि सिझेरियनच्या प्रत्येक थिएटरमध्ये टेबलावरून दिसेल असं सेकंदकाट्याचं घड्याळ लावा. बाळ आलं की सेकंद मोठ्याने म्हणायची जबाबदारी एका व्यक्तीवर द्या.

३. परिचारिकांच्या एएनएम, जीएनएम आणि डॉक्टरांच्या एमबीबीएस व पदव्युत्तर प्रशिक्षणात हा विषय ॲनिमियाच्या धड्यातून काढून नवजात बाळाच्या हृदय आणि श्वासाच्या धड्यात घ्या. लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाच्या तपासणीत प्रत्यक्ष प्रसूती पाहून गुण द्या, फाइल पाहून नको. खासगी दवाखान्यांसाठी प्रसूतितज्ज्ञ संघटनेच्या ‘मान्यता’ या दर्जा-प्रमाणपत्राच्या मूल्यांकनातही हेच करा.

४. कमी दिवसांच्या बाळांसाठी वेगळी लेखी कार्यपद्धती काढा, सिझेरियनसकट. ती प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून लिहावी. सध्या एकाच्या हातात कात्री असते, दुसरा वॉर्मरपाशी वाट पाहत असतो, आणि थांबा म्हणायचं कुणी हे ठरलेलं नसतं.

५. नाळ न कापता आईजवळच श्वास देण्याची सोय दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांत नीट देखरेखीखाली सुरू करा आणि आपल्या बाळांची माहिती जमवा. जगात यावर अजून काम चालू आहे, त्यात महाराष्ट्र असावा.

६. प्रसूतिगृहाच्या आवारात नाळरक्त बँकांची जाहिरात आणि प्रतिनिधींचा वावर बंद करा. पिशवी भरण्यासाठी नाळ लवकर बांधली गेल्यास तो दोष मानून कारवाई करा.

७. माता व बालसुरक्षा कार्डावर ठळक मराठीत एक ओळ छापा : ‘बाळाने श्वास घेतल्यावर आणि किमान एक मिनिटानंतर नाळ बांधावी, ही विनंती आपण डॉक्टरांना करू शकता.’ सातव्या-आठव्या महिन्यात आशाताईंनी ती घरी वाचून दाखवावी.

८. लेबर रूममधल्या रिक्त जागा भरा.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मागणीला खर्च किती, हे आपल्या कार्यालयातला कुणीही कारकून सांगू शकेल. बाकीच्यांसाठी मुदत ठरवून द्या. प्रसूतितज्ज्ञ संघटनांना वेगळी विनंती : सरकारी आदेशाची वाट न पाहता आपापल्या दवाखान्यात नोंद आजच्या रात्रीपासून सुरू करता येते, तिला मंजुरी लागत नाही.

माझी भाची आणि तिच्यासारख्या अनेक आया हे पत्र वाचणार आहेत. आपल्या विभागाने या आठ मुद्द्यांवर काय ठरवलं, ते लेखी आणि जाहीरपणे कळवावं. ‘सूचना याआधीच दिलेल्या आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही. त्या सूचना लेबर रूममध्ये पाळल्या जातात की नाही हे कोण पाहतं, त्या अधिकाऱ्याचं पद आणि आढाव्याची तारीख उत्तरात असावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
मराठवाडा